बर्फातला जलदुर्ग: हेलसिंकीहून सुओमेनलिन्ना

हेलसिंकी शहरात मेट्रो, ट्राम आणि बसला जे तिकीट चालतं, त्याच तिकिटावर एक बोटही चालते. शहराच्या मधोमध असलेल्या बाजारचौकाच्या धक्क्यावरून ती सुटते आणि पंधरा-वीस मिनिटांत प्रवाशाला सुओमेनलिन्ना या जलदुर्गावर उतरवते. १७४८ साली बांधायला घेतलेला हा दुर्ग १९९१ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. तरीही या बोटीला पर्यटकांची बोट म्हणता येत नाही. दुर्गावर आजही सुमारे ८०० माणसं राहतात आणि बोट मुख्यतः त्यांच्यासाठी धावते. पहाटेपासून मध्यरात्र उलटून जाईपर्यंत तिच्या फेऱ्या असतात. वर्षाचे बाराही महिने, समुद्र गोठला तरीही.

हिवाळ्यात फिनलंडला जाणारी आपल्याकडची बरीच मंडळी थेट उत्तरेला लॅपलंड गाठतात. ध्रुवीय प्रकाश, रेनडियर आणि कुत्र्यांच्या गाड्या हे सगळं तिथं आहे. हेलसिंकीच्या वाट्याला जाता-येता एखादा दिवस येतो. तो दिवस या बेटाला द्यावा, असं मी आग्रहानं सांगते. मी फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात तिथं एकटी गेले, पूर्णपणे सार्वजनिक वाहनांनी गेले, आणि संध्याकाळी परत आले. ना सहल कंपनी, ना भाड्याची गाडी, ना वाटाड्या.

माझा मुक्काम भाचीकडे, एस्पो शहरात होता. एस्पो हे हेलसिंकीला खेटून असलेलं शहर. तिथल्या संगणक आणि दूरसंचार उद्योगामुळे बरीच भारतीय कुटुंबं तिकडे राहतात, आणि त्यांत मराठी घरंही आहेत. हेलसिंकी आणि आसपासच्या परिसराचे वाहतुकीसाठी ए, बी, सी, डी असे पट्टे पाडले आहेत. एस्पोचा मेट्रोलगतचा बराचसा भाग बी पट्ट्यात येतो, शहराचा मध्य आणि दुर्ग ए पट्ट्यात. त्यामुळे मला ‘एबी’ तिकीट पुरेसं होतं. ते ८० मिनिटं चालतं आणि तेवढ्या वेळात कितीही वाहनं बदलता येतात. दिवसभर फिरायचं असेल तर मात्र एक दिवसाचं तिकीट सोयीचं. मी तेच मोबाइलवर काढलं. ज्यांना मोबाइलवर काढायचं नसेल त्यांच्यासाठी स्थानकांवर आणि बोटीच्या धक्क्यावर यंत्रं आहेत. मेट्रोला फाटकं नाहीत, बोटीच्या दारात तिकीट फाडणारा माणूस नाही. तपासनीस अधूनमधून येतात, आणि विनातिकीट सापडणाऱ्याला मोठा दंड होतो.

साडेआठच्या सुमारास उजाडलं तेव्हा मी मेट्रोत होते. फेब्रुवारीच्या सुरुवातीला इथं सूर्य साडेआठला उगवतो आणि साडेचारला मावळतो. डिसेंबरच्या अखेरीस तर जेमतेम पावणेसहा तासांचा दिवस असतो. म्हणून दिवसभराच्या सहलीसाठी फेब्रुवारी हा चांगला महिना: बर्फ भरपूर आणि उजेडाचे आठ तास हातात. मी विद्यापीठाच्या स्थानकावर उतरले. तिथून धक्का दहा मिनिटांच्या चालीवर आहे आणि वाटेत सिनेट चौक लागतो. पांढऱ्या कॅथीड्रलच्या पायऱ्या रात्रीच्या बर्फाखाली बुजल्या होत्या. चौकाच्या मधोमध झार दुसरा अलेक्झांडर याचा पुतळा आहे, त्याच्या खांद्यांवरही बर्फ साचला होता. स्वतंत्र फिनलंडच्या राजधानीत रशियन झारचा पुतळा कसा, हा प्रश्न इथं उभं राहिल्यावर पडतोच. त्याचं उत्तर समोरच्या बेटावर आहे.

बाजारचौक म्हणजे काउप्पातोरी. उन्हाळ्यात इथं बेरी-फळांचे, माशांचे ठेले गजबजलेले असतात. हिवाळ्यात मोजके तंबू उभे असतात आणि त्यांच्या आत गरम कॉफी मिळते. एका बाजूला राष्ट्राध्यक्षांचा प्रासाद, थोडं पलीकडे १८८९ सालची जुनी मंडई, पूर्वेच्या टेकडीवर उस्पेन्स्की हे लाल विटांचं रशियन चर्च. त्याच्या विटा क्रिमियन युद्धात उद्ध्वस्त झालेल्या बोमारसुंद किल्ल्यातून आणलेल्या आहेत. या किनाऱ्यावर किल्ल्यांचा आणि युद्धांचा इतिहास असा जागोजागी हाताला लागतो.

हिवाळ्यात बोटी साधारण पाऊण ते एक तासाच्या अंतरानं सुटतात, त्यामुळे वेळापत्रक आधी पाहून निघावं. धक्क्यावर मात्र थंडीत ताटकळावं लागत नाही, कारण बंदिस्त प्रतीक्षागृह आहे. माझ्याबरोबर बोटीत चढणाऱ्यांत कॅमेरा लटकवलेले लोक फारसे नव्हते. सामानाची चाकांची पिशवी ओढणारी एक आजी, बाबागाडी घेतलेला तरुण बाप, दोन गणवेशधारी नौसैनिक, अंगावर कामाचे भडक पिवळे कपडे घातलेले काही कारागीर. खाली वाहनांच्या जागेत दुर्गावर माल नेणारी एक गाडी उभी होती. आजींशी गप्पा झाल्या. त्या अनेक वर्षं दुर्गावर राहतात. “हिवाळ्यात बेट पुन्हा आमचं होतं,” असं त्या म्हणाल्या, आणि तरीही मला कुठं काय पाहायचं, कुठं जपून चालायचं, हे त्यांनी आपणहून सांगितलं.

बोट निघाली आणि तळातून खरखर, मग कडकड असा आवाज सुरू झाला. बंदरात बर्फ फोडून ठेवलेली पाण्याची वाट होती, पण रात्रीतून तिच्यावर नवा पापुद्रा धरला होता. बोटीचं पोलाद तो मोडत पुढं जात होतं. मागं काळं पाणी उघडं पडायचं आणि त्यावर तुकडे हेलकावत राहायचे. ज्यांनी फक्त अरबी समुद्र पाहिला आहे, त्यांना समुद्र गोठतो हे ऐकून माहीत असलं तरी डोळ्यांनी पाहताना विलक्षण वाटतं. याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. बाल्टिक समुद्र महासागराला डेन्मार्कजवळच्या अरुंद सामुद्रधुन्यांतूनच जोडला गेला आहे, आणि त्यात असंख्य नद्या गोडं पाणी आणून ओततात. त्यामुळे हेलसिंकीजवळच्या एक लिटर पाण्यात मीठ जेमतेम पाच-सहा ग्रॅम. महासागरात ते ३५ ग्रॅमच्या आसपास असतं. महासागराचं पाणी गोठायला उणे १.८ अंशांच्या खाली जावं लागतं, इथलं पाणी शून्याच्या किंचित खालीच गोठू लागतं. देशाची बर्फफोडी जहाजं उन्हाळाभर काताजानोक्काच्या धक्क्यावर ओळीनं बांधलेली असतात. आता तो धक्का रिकामा होता. ती सगळी कामावर गेली होती.

वारा सोसत मी बाहेरच्या डेकवर उभी राहिले. छोटी छोटी खडकाळ बेटं दोन्ही बाजूंनी सरकत होती आणि समोर पांढऱ्या पार्श्वभूमीवर एक लांबलचक गुलाबी इमारत मोठी होत चालली होती. ही धक्क्यावरची बराक, एकोणिसाव्या शतकात रशियन अमलात बांधलेली. तिच्या मधोमध कमान आहे आणि त्या कमानीतून दुर्गात प्रवेश होतो. आत माहिती कक्ष आहे, नकाशा मिळतो, स्वच्छतागृह आहे. दुर्गात शिरायला कसलंही शुल्क नाही. माहिती कक्षातल्या बाईंनी नकाशावर निळी रेघ दाखवली. मुख्य धक्क्यापासून दक्षिण टोकाच्या राजद्वारापर्यंतची सुमारे दीड किलोमीटरची ही वाट निळ्या फलकांनी दाखवलेली आहे. पहिल्यांदा येणाऱ्यानं, विशेषतः बर्फात, तीच धरावी.

सुओमेनलिन्ना म्हणजे एक बेट नव्हे, पुलांनी आणि भरावांनी जोडलेला बेटांचा पुंजका आहे. तटबंदीची एकूण लांबी सुमारे सहा किलोमीटर. सह्याद्रीतले किल्ले पाहिलेल्या माणसाला पहिल्यांदा जाणवतं ते इथल्या तटाचं बुटकेपण. उंच, छाती दडपवणारा तट इथं नाहीच. अठराव्या शतकापर्यंत तोफा इतक्या जबर झाल्या होत्या की उंच भिंत म्हणजे सोपं निशाण. म्हणून तट बुटका, रुंद आणि कोनाकोनांचा बांधायचा, मागे मातीचा भराव घालायचा, आणि प्रत्येक बुरुजाच्या तोफांनी शेजारच्या बुरुजाचं रक्षण करायचं, असं युरोपातलं दुर्गशास्त्र ठरलं. ते सपाट जमिनीसाठी आखलेलं होतं. इथल्या बांधणाऱ्यांनी ते खडकाच्या वेड्यावाकड्या चढउतारांवर बसवलं. बर्फामुळे हे कोन फार स्पष्ट दिसतात. आडवे माथे पांढरे, उभे दगड काळे, आणि मधली एकेक जंगी रेखीव उठून येते.

हे बांधकाम स्वीडननं सुरू केलं. फिनलंड तेव्हा स्वीडनच्या राज्याचा भाग होता. १७४१-४३ च्या युद्धात रशियाकडून हरल्यावर पूर्व सीमेवरचे किल्ले हातचे गेले आणि हेलसिंकीचं बंदर उघडं पडलं. तेव्हा तोफखान्याचा अधिकारी ऑगस्टिन एहरेन्सव्हर्ड याच्याकडे हे काम आलं. त्यानं आपलं उरलेलं आयुष्य त्यात घातलं. दुर्गाचं त्या वेळचं नाव स्वेआबोर्ग. बांधकामावर हजारो सैनिक राबत होते, आणि पुढे दुर्गावरची वस्ती शेजारच्या हेलसिंकीपेक्षा मोठी झाली. आज ज्याला आपण राजधानीचं बेट म्हणतो, त्या बेटाच्या सावलीतलं हेलसिंकी हे एक लहान गाव होतं.

निळ्या वाटेनं पुढं गेलं की रशियन व्यापाऱ्यांची लाकडी घरं लागतात आणि मग चर्च. १८५४ साली ते रशियन फौजेसाठी बांधलं गेलं. तेव्हा त्याला कांद्याच्या आकाराचे पाच घुमट होते. फिनलंड स्वतंत्र झाल्यावर ते लुथेरन पंथाचं झालं, घुमट उतरवले गेले आणि मधल्या मनोऱ्यात दीप बसवला गेला. प्रार्थनागृह आणि दीपगृह एकाच इमारतीत असण्याचं हे दुर्मीळ उदाहरण. हा दीप चार वेळा लुकलुकतो. मोर्स लिपीत चार टिंबं म्हणजे ‘एच’, हेलसिंकीचं आद्याक्षर. चर्चभोवतीचं कुंपण जुन्या तोफा जमिनीत उभ्या पुरून आणि त्यांना साखळदंड जोडून केलेलं आहे.

चर्चच्या मागच्या उतारावर मुलं घसरगाड्या घेऊन आरडाओरडा करत होती. दुर्गावर शाळा आहे, पाळणाघर आहे, किराण्याचं दुकान आहे. ज्या बराकींत सैनिक राहायचे, त्यांत आता घरं आहेत. खिडक्यांत दिवे होते, दारांत बर्फ ओढायची फावडी टेकवलेली होती. एकट्या बाईला हिवाळ्यात ओसाड बेटावर फिरायला भीती वाटली नाही का, असं नंतर मला अनेकींनी विचारलं. बेट ओसाड नव्हतंच. दर शंभर-दोनशे पावलांवर कुणी कुत्रं फिरवत होतं, कुणी वाट साफ करत होतं. एकटेपणाचा निवांतपणा मिळाला आणि असुरक्षितपणा मिळाला नाही. हे त्या वस्तीमुळे.

ही वस्ती योगायोगानं टिकलेली नाही. १९७३ साली लष्करानं दुर्ग नागरी प्रशासनाकडे सोपवला, आणि त्यासाठी सरकारनं एक स्वतंत्र मंडळ नेमलं. घरं त्या मंडळाच्या मालकीची आहेत आणि लोकांना भाड्यानं दिली जातात. त्या भाड्यातून आणि सरकारी निधीतून डागडुजी चालते. दुर्गावर एक खुलं कारागृहही आहे. तिथले बंदी तटांची दुरुस्ती, लाकूडकाम आणि रंगकाम करतात आणि सुटकेनंतरच्या आयुष्याची तयारी करतात. एका बेटावर नौदलाची प्रशिक्षण संस्था आहे, बोटीतले ते दोघे नौसैनिक तिथलेच असावेत. समुद्राखालून शहरापर्यंत एक भुयारही आहे. त्यातून दुर्गाला आवश्यक सेवा पुरवल्या जातात, आणि अडचणीच्या वेळी रुग्णवाहिकाही येते. सामान्य प्रवाशांसाठी ते खुलं नाही. अडीचशे-पावणेतीनशे वर्षांच्या वास्तूत आजच्या माणसांचं जगणं कसं बसवायचं, याचा इतका विचारपूर्वक घातलेला मेळ मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

पुलाच्या अलीकडे दुर्गाचं संग्रहालय आहे. ते हिवाळ्यातही उघडं असतं, इतर लहान संग्रहालयं मात्र बहुतेक उन्हाळ्यातच उघडतात. दुसऱ्या महायुद्धातली ‘वेसिक्को’ ही पाणबुडीसुद्धा हिवाळ्यात बाहेरूनच पाहावी लागते. संग्रहालयात तासभर घालवला तर पुढच्या सगळ्या दगडांना अर्थ येतो, शिवाय बोटांत पुन्हा जीव येतो.

पूल ओलांडून सुसिसारी बेटावर गेले. पुलाखालचा प्रवाह सहसा पूर्ण गोठत नाही. तिथल्या उघड्या पाण्यात हंस आणि बदकं दाटीवाटीनं पोहत होती. पुढं दुर्गाचं मोठं आवार येतं. तिथं एहरेन्सव्हर्डची समाधी आहे. तो १७७२ साली वारला. समाधीचा आराखडा खुद्द राजा तिसरा गुस्ताव यानं केला होता. त्याच्या पलीकडेच खाली उतरणारी प्रचंड सुकी गोदी आहे, युरोपात अजूनही वापरात असलेल्या सर्वांत जुन्या गोद्यांपैकी एक. अठराव्या शतकात इथं स्वीडनच्या किनारी आरमाराची जहाजं बांधली गेली. आता जुनी लाकडी शिडाची जहाजं दुरुस्तीसाठी येतात. काही जहाजं ताडपत्री पांघरून हिवाळा काढत उभी होती.

गोदीच्या काठावर मला विजयदुर्ग आठवला. तिथून जवळच, गिर्ये इथं, खाडीकाठच्या खडकात मराठा आरमाराची गोदी आजही दिसते. काळही तोच. १७५६ च्या फेब्रुवारीत वॉटसनच्या इंग्रज आरमारानं विजयदुर्गावर तोफा डागल्या आणि तुळाजी आंग्र्यांचं आरमार जळून गेलं, तेव्हा इथं एहरेन्सव्हर्डचे सैनिक खडक फोडत होते. पुढं ९९ वर्षांनी, १८५५ च्या ऑगस्टमध्ये, त्याच इंग्रज नौदलानं फ्रेंचांच्या साथीनं, तोवर रशियाकडे गेलेल्या या दुर्गावर दोन दिवस मारा केला. दुर्गाच्या तोफांचा पल्ला शत्रूच्या जहाजांपर्यंत पोचेना. आतल्या इमारती जळाल्या. दक्षिण टोकावर आज जे वाळू-मातीचे उंच बांध आणि त्यांवरच्या अवजड तोफा दिसतात, ते सगळं या धड्यानंतर रशियनांनी उभारलं.

दुपारचं जेवण दुर्गावरच केलं. हिवाळ्यातही दोन-चार उपाहारगृहं चालू असतात, पण लवकर बंद होतात, म्हणून एकच्या आत जावं. सामन माशाचं दाट, दुधाळ सूप, वर बडीशेपेच्या कुळातल्या शेपूची पानं, सोबत राईचा काळा पाव. मासे न खाणाऱ्यांना भाज्यांचं सूप मिळतं. नंतर कॉफी आणि रूनेबेर्ग केक. बदामाचा हा उभट केक, माथ्यावर रासबेरीचा मुरांबा आणि साखरेचं कडं. तो जानेवारीपासून ५ फेब्रुवारीपर्यंत घरोघरी आणि दुकानोदुकानी असतो, कारण ५ फेब्रुवारी हा राष्ट्रकवी योहान लुडव्हिग रूनेबेर्ग याचा जन्मदिवस. फिनलंडचं राष्ट्रगीत त्याच्याच कवितेतून आलं.

याच रूनेबेर्गनं या दुर्गाच्या शरणागतीवर एक जळजळीत कविता लिहिली आहे. १८०८ साली रशियन सैन्यानं फिनलंडवर स्वारी केली. समुद्र गोठलेला होता आणि स्वीडनची कुमक येऊ शकत नव्हती. दुर्गाचा सेनापती कार्ल ओलोफ क्रोनस्टेट याच्याकडे हजारोंची शिबंदी आणि शेकडो तोफा होत्या. तरीही त्यानं वाटाघाटी केल्या आणि मे महिन्यात, मोठी लढाई न देता, दुर्ग रशियनांच्या हवाली केला. का, याची चर्चा इतिहासकार आजही करतात. परिणाम मात्र उघड आहे. १८०९ मध्ये फिनलंड स्वीडनकडून रशियाकडे गेला. १८१२ मध्ये झारनं राजधानी हेलसिंकीला आणली. सकाळी पाहिलेला सिनेट चौक, ते पांढरं कॅथीड्रल, तो पुतळा, हे सगळं त्या शरणागतीनंतर घडलं. जलदुर्ग पडला आणि त्याच्या शेजारचं गाव राजधानी झालं. रूनेबेर्गच्या कवितेनं क्रोनस्टेटला कायमचं देशद्रोही ठरवलं. त्या कवीच्या नावाचा केक मी त्याच दुर्गात बसून खात होते.

जेवणानंतर ढग पांगले. तिरपं, पिवळसर ऊन तटांवर पडलं. या दिवसांत सूर्य भरदुपारीही क्षितिजाच्या फार वर जात नाही, त्यामुळे सगळा दिवस सावल्या लांब असतात. कुस्तानमिएक्का या दक्षिण टोकाकडची वाट जरा कठीण आहे. मुख्य रस्त्यांवर बारीक खडी टाकलेली असते, आडवाटा मात्र हिवाळ्यात साफ केल्या जात नाहीत आणि तसे फलक लावलेले आहेत. तटाच्या कडेला कठडे नाहीत. बर्फाचा थर कुठं तटावर आहे आणि कुठं नुसता हवेत पुढं आला आहे, हे वरून कळत नाही, म्हणून कडेपासून चार पावलं लांब राहावं. मी बुटांवर चढवायचे खिळ्यांचे रबरी पट्टे घेतले होते, त्यांचा फार उपयोग झाला. भुयारांत विजेरी लागते आणि खाली बर्फाची काच झालेली असते. मी फक्त तोंडाशी उभी राहून आत पाहिलं.

टोकाला राजद्वार आहे. राजा अडॉल्फ फ्रेडरिक १७५२ मध्ये पाहणीसाठी आला तेव्हा त्याचं जहाज इथं नांगरलं होतं. त्या जागी पुढच्या एक-दोन वर्षांत हा समारंभी दरवाजा उभा राहिला. पाण्यापर्यंत उतरणाऱ्या रुंद दगडी पायऱ्या, वर फिकट दगडाची कमान. उन्हाळ्यात इथवर खासगी बोटी येतात. त्या दिवशी पायऱ्यांवर माझ्या पावलांशिवाय एकही ठसा नव्हता, आणि पुढं खुला समुद्र क्षितिजापर्यंत पांढरा, मग करडा होत गेला होता.

सूर्य मावळल्यावरही मी थोडी थांबले, कारण आजींनी सांगितलं होतं. स्टॉकहोमला जाणारी अवाढव्य प्रवासी जहाजं पाचच्या सुमारास हेलसिंकीहून निघतात आणि याच टोकाच्या जेमतेम ८० मीटर रुंदीच्या सामुद्रधुनीतून बाहेर पडतात. आधी इंजिनाची घरघर पायांखाली जाणवली. मग तटाच्या कितीतरी वर दिव्यांच्या दहा-बारा रांगा सरकत आल्या. डेकवरच्या माणसांचे चेहरे दिसत होते, कुणीतरी हात हलवला. हा दुर्ग इथंच का बांधला, याचं उत्तर त्या एका जहाजानं दिलं. आत येणाऱ्या प्रत्येक मोठ्या जहाजाला तोफेच्या तोंडासमोरून जावं लागणार, अशी ही जागा आहे.

परतीच्या वाटेवर १९१८ च्या बंदी छावणीचं स्मारक आहे. स्वातंत्र्यानंतर लगेच फिनलंडमध्ये यादवी युद्ध झालं. हरलेल्या ‘लाल’ पक्षाच्या हजारो लोकांना इथं डांबलं गेलं, आणि त्यांतले शेकडो भुकेनं आणि रोगानं गेले. त्याच वर्षी दुर्गावर फिनलंडचा झेंडा चढला आणि सुओमेनलिन्ना हे नाव ठरलं. दुर्गाच्या व्यवस्थेनं गौरवाच्या इतिहासाबरोबर हाही इतिहास झाकला नाही, हे मला मोलाचं वाटतं.

जाणाऱ्यांसाठी काही कामाच्या गोष्टी. फेब्रुवारीत हेलसिंकीचं सरासरी तापमान उणे चार-पाच अंश असतं, पण बेटावरचा वारा ते कितीतरी अधिक बोचरं करतो. अंगालगत लोकरीचे कपडे, मध्ये एक ऊबदार थर, वर वारा अडवणारं जाकीट असे तीन थर घालावेत. सुती बनियन टाळावा, कारण तो घाम धरून ठेवतो आणि थांबल्यावर अंग गार पडतं. टोपी कान झाकणारी हवी. थंडीत मोबाइलची बॅटरी झपाट्यानं उतरते, आणि तिकीट मोबाइलवरच असेल तर तो आतल्या खिशात ठेवावा. गोठलेल्या समुद्रावर पाऊल टाकू नये. बोटींच्या वाटेमुळे आणि प्रवाहांमुळे तिथला बर्फ भरवशाचा नसतो. विमानतळावरून थेट येणार असाल तर ‘एबीसी’ तिकीट काढावं. लोकल गाडी अर्ध्या तासात मध्यवर्ती स्थानकावर सोडते, तिथून धक्का पायी पंधरा मिनिटं किंवा ट्रामनं त्याहून कमी. सकाळी दहाच्या आत बेटावर पोचलात तर सगळं निवांत पाहून संध्याकाळी जहाजही पाहता येतं. आणि ही माणसांची राहती घरं आहेत, खिडक्यांतून आत डोकावू नका, अंगणांत शिरू नका.

शेवटी आपल्याकडचं. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोनं मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला. त्यांत सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग आणि खांदेरी हे सागरी किल्ले आहेत. सिंधुदुर्गात आजही काही कुटुंबं राहतात आणि शिवराजेश्वराची पूजा चालते. पावसाळ्यात आपला समुद्र खवळतो आणि पर्यटकांच्या बोटी बंद होतात, ते निसर्गाचं बंधन आहे आणि ते पाळलंच पाहिजे. पण उरलेल्या आठ महिन्यांत या किल्ल्यांवर ठरलेल्या वेळी, ठरलेल्या तिकिटात, एसटीच्या वेळांशी जोडलेली सार्वजनिक बोट चालवणं अशक्य नाही. किल्ल्यातल्या कुटुंबांना पाणी, दवाखाना आणि मुलांच्या शाळेची सोय देऊन तिथंच राहू देणं, आणि डागडुजीचं काम त्यांच्या हातांना देणं हेही अशक्य नाही. सुओमेनलिन्ना टिकून आहे ती तिथं माणसं राहतात म्हणून, आणि माणसं राहतात ती बोट रोज येते म्हणून. वारसा यादीत नाव लागल्यावर आपण फलक आणि कमानी उभारण्याआधी एवढी एक बोट मागायला हवी.